आठवड्यातला एक तास मुलींसाठी ठेवा

काशीमिऱ्याच्या एका वस्तीत सोळा वर्षांची मुलगी पाण्याचा हंडा उतरवताना चक्कर येऊन पडली. तपासलं तर हिमोग्लोबिन साडेसात. या वयात निदान बारा हवं. शाळा नववीतच सुटलेली. लोहाच्या गोळ्या मिळाल्या होत्या, पण शौचाला काळं झालं म्हणून घाबरून तिनं त्या फेकल्या. आणि घरात लग्नाची बोलणी सुरू होती.

चूक तिची नव्हती. तिच्या हातात गोळी पडली, पण तिच्याशी कुणी बोललं नव्हतं. आम्ही परिचारिका वर्षातून एकदा भाषण देतो, भिंतीवर पोस्टर लावतो. तेवढ्यानं मुलांच्या सवयी बदलत नाहीत.

मग काय केल्यानं बदलतात? पैठण तालुक्यातल्या पाचोडला इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंट या संस्थेनं १९९८च्या सुमारास एक वर्ग सुरू केला. बहुतेक मुली शाळा सुटलेल्या. सोमवार ते शुक्रवार, रोज संध्याकाळी एक तास, असं वर्षभर. शिकवणारी बाई गावातलीच, निदान सातवी शिकलेली. आहार, आरोग्य, कायदा, घरात आपलं म्हणणं कसं मांडायचं, हे विषय. पालकांनाही सुरुवातीपासून सोबत घेतलं. चार वर्षांत त्या गावांतलं मुलींच्या लग्नाचं मधलं वय सोळावरून सतरा झालं. एक वर्ष थोडं वाटेल; पण ज्या मुलीला ते मिळालं तिला विचारा.

आपल्या वस्तीत विहार आहे. आठवड्यातून एक संध्याकाळ तिथं मुलींना द्या. वस्तीतलीच शिकलेली ताई बोलेल, आशाताईंना बोलवा. मुलग्यांचाही वेगळा तास ठेवा. गुटख्याबद्दल त्यांच्याशी बोलायलाच हवं.

पहिल्या दिवशी एवढंच सांगा: १० ते १९ वयासाठी लोहाची निळी गोळी आठवड्यातून एकदा, सरकारकडून मोफत. शाळेत न जाणाऱ्या मुलींना ती अंगणवाडीत मिळते. जेवणानंतर घ्यायची. त्यावर लगेच चहा नको, जेवणात लिंबू पिळा. शौचाला काळं होणं धोक्याचं नाही. पण चक्कर किंवा धाप असेल तर नुसत्या या गोळीवर थांबू नका, दवाखान्यात रक्त तपासा.

त्या मुलीचं लग्न अठरापर्यंत थांबवायला आई तयार झाली. त्यासाठी मी तीन संध्याकाळी तिच्या ओट्यावर बसले होते.