सोने तोलणारी पितळी शिल्पे

वजन म्हटले की अंक कोरलेला एक साधा ठोकळा डोळ्यांपुढे येतो. पश्चिम आफ्रिकेतील आकान लोकांनी मात्र वजनालाच शिल्पाचे रूप दिले. हे लोक आजच्या घाना व आयव्हरी कोस्ट या देशांत राहतात. त्यांच्या प्रदेशात सोने विपुल मिळे आणि सोन्याची भुकटी हेच तेथील चलन होते. सुमारे पंधराव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत व्यवहार ही भुकटी तोलून होत असे. त्यामुळे व्यापाऱ्याजवळ लहानसा तराजू, चमचा, डबी आणि पितळी वजनांचा संच असे.

आरंभीची वजने बहुधा भौमितिक आकृत्यांची असत. पायऱ्या, नागमोडी रेषा आणि स्वस्तिकही त्यांवर आढळते. पुढे पशु, पक्षी, माणसे व घरगुती वस्तू यांची रूपे आली. पुष्कळ आकृत्यांमागे लोकांच्या तोंडी असलेली म्हण असे. मागे मान वळवलेला पक्षी विसरलेली गोष्ट परत जाऊन घ्यावी असे सुचवितो. एकच पोट असलेल्या दोन मगरी घासासाठी भांडणाऱ्या आप्तांची आठवण देतात.

ही वजने मेणाच्या साहाय्याने ओतीत. प्रथम मेणाची आकृती करावयाची, तिच्यावर मातीचा लेप द्यावयाचा आणि तो तापवून मेण काढून टाकावयाचे. रिकाम्या झालेल्या जागेत वितळलेले पितळ ओतीत. साचा फोडूनच वजन बाहेर काढावे लागे, म्हणून प्रत्येक वजनासाठी नवे मेण व नवा साचा लागे. कधी भुईमुगाची शेंग किंवा भुंगा यांवरच माती लिंपीत. भट्टीत मूळ वस्तू जळून जाई व तिची हुबेहूब पितळी प्रतिकृती मिळे. मेणाच्या आकृतीवरून धातू ओतण्याची विद्या आपल्याकडेही जुनी आहे. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथात तिचे वर्णन आहे.

खरी कसोटी यापुढे असे. पितळ मेणाच्या सुमारे नऊपट जड असते. मेणात अर्ध्या ग्रॅमची चूक झाली, तर पितळेत ती साडेचार ग्रॅमची होते. वजन हलके भरले तर त्याला शिसे किंवा धातूचा तुकडा जोडीत. जड भरले तर ते कानशीने घाशीत, प्रसंगी आकृतीचा एखादा भागही काढून टाकीत. सुबक आकृतीपेक्षा अचूक तोलाला अधिक मान होता. शिवाय आकृतीवरून वजन ठरत नसे. म्हणून देणारा व घेणारा आपापल्या वजनांनी तोल पडताळून पाहात.

१८८९ साली ब्रिटिशांनी आपल्या गोल्ड कोस्ट वसाहतीत भुकटीचे चलन बंद केले. नाणी रूढ झाली व वजने निरुपयोगी ठरली. आज ती जगातील अनेक संग्रहालयांत पाहावयास मिळतात.

गणित व हस्तव्यवसाय यांची सांगड घालण्यास हा विषय उपयुक्त आहे. शिक्षकांनी मुलांकडून ओल्या मातीची ५० ग्रॅमची वजने आवडीच्या आकारात करून घ्यावी. ती वाळली की पुन्हा तोलावी. पाणी उडून गेल्यामुळे ती हलकी भरतील. दुसऱ्या खेपेस माती किती अधिक घ्यावी, याचा हिशेब मुलांनीच करावा. वाळलेले वजन थोडे जड भरल्यास प्रमाणित वजनाशी जुळेपर्यंत ते हलक्या हाताने घासावे. तोल जुळला की त्यावर अंक घालावा.