सर्व्हरची नोंदवही

इंग्रजीत ‘लॉग’ म्हणजे लाकडाचा ओंडका. पूर्वी जहाजाचा वेग मोजण्यासाठी गाठी मारलेल्या दोरीच्या टोकाला लाकडाचा तुकडा बांधून तो पाण्यात टाकत, आणि ठरावीक वेळात किती गाठी हातातून सरकल्या ते मोजत. हे आकडे ज्या वहीत उतरवायचे ती लॉगबुक. शाळेच्या लॉगबुकातला शब्द तोच, आणि संगणकाच्या ‘इव्हेंट लॉग’मधलाही तोच.

ई-मेल पोहोचवणारा सर्व्हर रात्रंदिवस चालू असतो, पण त्याच्यासमोर कोणी बसलेले नसते. रात्री दोन वाजता काय घडले हे सकाळी कळायचे तर त्यानेच ते लिहून ठेवायला हवे. १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या बर्कली येथे एरिक ऑलमन यांनी ‘सेंडमेल’ या टपाल-प्रणालीसाठी अशी सोय केली. तिचे नाव सिसलॉग. पुढे इतर प्रणालींनीही ती उचलली आणि २००९ मध्ये तिचे सध्याचे प्रमाण प्रसिद्ध झाले.

सिसलॉगच्या संदेशाच्या सुरुवातीला एक आकडा असतो. समजा तो १९ आहे. त्याला ८ ने भागा. भागाकार २, बाकी ३. भागाकार सांगतो संदेश कोणत्या विभागाचा (२ म्हणजे टपाल), आणि बाकी सांगते प्रकरण किती गंभीर (३ म्हणजे चूक). बाकी ० आली तर यंत्रणा वापरण्याजोगी राहिलेली नाही. ७ आली तर तो फक्त प्रोग्रामरच्या उपयोगाचा बारीक तपशील. आकडा लहान तितके संकट मोठे! आठच का? १९ द्विमान पद्धतीत लिहून पाहा: १००११. शेवटचे तीन अंक ०११, म्हणजे ३. उरलेले १०, म्हणजे २. विभाग ४ म्हणजे सुरक्षा व परवानगी, हे सांगून ३४ हा आकडा मुलांना उलगडायला द्यावा.

कोणत्या पातळीपर्यंतचे संदेश लिहायचे हे सर्व्हर सांभाळणाऱ्याने ठरवायचे असते. ७ पर्यंत सगळे लिहिले तर डिस्क भरते आणि कामाची एक ओळ हजारो ओळींत हरवते. फक्त ३ पर्यंत लिहिले तर वही नीटनेटकी दिसते, पण चोरलेला पासवर्ड बरोबर टाकून आत आलेला माणूस तिच्यात चूक म्हणून उमटतच नाही. म्हणून लॉगिनच्या नोंदी तरी ६ पर्यंत ठेवाव्यात, असे आम्हाला वाटते.

नोंदी दुसऱ्या यंत्रावरही जायला हव्यात. १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत हिशेबात ७५ सेंटचा फरक आला. क्लिफर्ड स्टॉल या खगोलशास्त्रज्ञाने त्याचा माग काढला तेव्हा पश्चिम जर्मनीतल्या हॅनोव्हरहून शिरणारा घुसखोर सापडला. स्टॉल यांनी येणाऱ्या टेलिफोन तारांना प्रिंटर जोडले होते. संगणकातली नोंद घुसखोराला पुसता आली असती. कागद पुसता येत नव्हता. मात्र सिसलॉगची जुनी पद्धत साध्या पोस्टकार्डासारखी आहे: संदेश निघतो, पोचपावती येत नाही. महत्त्वाच्या नोंदींसाठी पोच घेणारी पद्धत निवडावी.

सॉफ्टवेअर अद्ययावत करण्याची गोष्ट इथेच येऊन मिळते. ९ डिसेंबर २०२१ रोजी ‘लॉग-फोर-जे’ या जगभर वापरल्या जाणाऱ्या प्रणालीतला दोष जाहीर झाला. तिचे काम फक्त नोंदी लिहिण्याचे. पण विशिष्ट मजकूर नोंदीत आला की ती तो हुकूम समजे आणि बाहेरून प्रोग्राम आणून चालवी. वही लिहिणारा कारकूनच दार उघडून देत होता! २.१५.० ही दुरुस्त आवृत्ती अपुरी ठरली. त्याच महिन्यात २.१६.० आणि २.१७.० काढाव्या लागल्या. नवी आवृत्ती बसवली तरी एक प्रश्न उरत होता: आधीच कोणी आत शिरून गेले आहे का? त्याचे उत्तर जुन्या नोंदींतच शोधावे लागले. भारतात सर्ट-इनने २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांत कंपन्या, सरकारी कार्यालये वगैरेंना नोंदी १८० दिवस जपण्यास आणि घड्याळे प्रमाण वेळेशी जुळवण्यास सांगितले. घड्याळे जुळत नसतील तर दोन सर्व्हरच्या नोंदींतला आधी-नंतरचा क्रम लावता येत नाही.

नवी आवृत्ती बसवताना नोंदींचीच आबाळ होते, असे आम्हाला दिसते. सेवा सुरू झाली की लोक निर्धास्त होतात. पण बसवताना जुन्या मांडणीच्या फाइलवर नवी फाइल आली असेल, तर नोंदींची पातळी आणि त्या पाठवायचा पत्ता गुपचूप बदललेला असू शकतो. डेबियन लिनक्स अशा वेळी जुनी फाइल ठेवायची की नवी घ्यायची, असे विचारते. घाईत दिलेले उत्तर महागात पडते. तेव्हा आधी मांडणीच्या फाइलची प्रत काढावी आणि नेहमीच्या दिवशी साधारण किती नोंदी येतात ते पाहून ठेवावे. काम झाल्यावर लिनक्सवर ‘लॉगर’ या आज्ञेने एक चाचणी-ओळ पाठवावी, आणि ती दुसऱ्या यंत्रावरच्या वहीत उतरली का ते तिथे जाऊन स्वतः पाहावे.