खाऱ्या पाण्यातल्या माशाचा पर कुजतोय? मीठ नको, आधी पाणी तपासा!



फिशटँकमधल्या माशाचा पर कुरतडल्यासारखा दिसू लागला की आजूबाजूचे सगळे एकच सल्ला देतात, "थोडं मीठ टाका, बरा होईल." गोल्डफिशच्या बाबतीत हा सल्ला बऱ्याचदा कामी येतो. पण हल्ली बारामती-इंदापूरकडेही हौशी घरांत समुद्री मासे दिसू लागलेत. मुलांचा लाडका 'निमो' म्हणजे क्लाउनफिश हा त्यातलाच. त्याला मात्र हेच मीठ त्रासदायक ठरतं. असं का? याचं उत्तर आपल्याच शिवारात आहे.

नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यातली क्षारपड रानं आपण पाहिली आहेत. जमीन ओली असते, तरी पीक सुकतं. मातीतल्या पाण्यात क्षार जास्त झाले की मुळांना ते पाणी ओढून घेता येत नाही. पाणी कमी क्षारांकडून जास्त क्षारांकडे जातं, यालाच आपण परासरण म्हणतो. समुद्री माशाचंही तसंच असतं. त्याच्या शरीरातल्या द्रवात समुद्राच्या साधारण एक तृतीयांशच क्षार असतात. त्यामुळे त्याच्या अंगातलं पाणी सतत बाहेर जात राहतं. म्हणून तो समुद्राचं पाणी पितो आणि जादा क्षार कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. गोड्या पाण्यातल्या माशाचं बरोबर उलट असतं, पाणी त्याच्या अंगात शिरत राहतं.

आता जखमेचा विचार करा. पर फाटला, त्वचा सोलली, तर गोड्या पाण्यातल्या माशात पाणी जास्त शिरतं. तिथे थोड्या मिठाने त्याच्यावरचा भार हलका होतो. समुद्री माशाच्या जखमेतून मात्र पाणी निसटतं. वरून आणखी मीठ घातलं तर तो पाण्यात असूनही कोरडा पडत जातो.

नुसती फाट की संसर्ग?
दगडाला घासून किंवा दुसऱ्या माशाने चावून पर फाटला असेल, तर कड स्वच्छ असते. पाणी चांगलं असेल तर ती आपोआप भरून येते. कड पांढुरकी, झिरमिळ्या झालेली, पराच्या मुळाशी लाली, मासा खायला तयार नाही, असं दिसलं तर जीवाणूंचा संसर्ग समजावा. खाऱ्या पाण्यात हे काम बहुधा व्हिब्रिओ गटातले जीवाणू करतात. हे जीवाणू पाण्यात एरवीही असतात. मासा अशक्त झाला की त्यांचं फावतं. संसर्ग पराच्या मुळापर्यंत गेला, तर पर पुन्हा येणं अवघड.

काय करायचं?
१. पाणी तपासा. अमोनिया आणि नायट्राइट शून्यच हवेत. खारेपणा मोजा, विशिष्ट गुरुत्व १.०२३ ते १.०२६ च्या दरम्यान असावं.

२. आपल्याकडच्या उन्हाळ्यात टाकीतलं पाणी भराभर उडतं, मीठ मात्र मागेच राहतं. ही उडालेली भर साध्या आरओच्या पाण्यानेच करा. बोअरचं पाणी जड असतं, ते नको.

३. पाचवा हिस्सा पाणी बदला. नवीन पाणी समुद्री क्षारांचं तयार मिश्रण घालून (लिटरला साधारण ३५ ग्रॅम) आदल्या दिवशीच तयार ठेवा. स्वयंपाकाचं मीठ चालत नाही, त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम हे आवश्यक घटक जवळजवळ नसतात.

४. त्रास देणारा मासा ओळखून वेगळा करा.

५. औषध द्यायचंच असेल तर मत्स्यतज्ज्ञ किंवा पशुवैद्यकाला विचारून, आणि तेही वेगळ्या छोट्या टाकीत. अँटिबायोटिक मुख्य टाकीत घातलं तर अमोनिया खाणारे उपयुक्त जीवाणू मरू शकतात आणि सगळ्याच माशांचा जीव धोक्यात येतो. तांब्याचं औषध तर झिंगे आणि प्रवाळ मारतं. फिल्टरमधला कार्बनही काढून ठेवा, नाहीतर तो औषध शोषून घेतो. घरातल्या उरलेल्या गोळ्या पाण्यात विरघळवणं तर अजिबात नको. अर्धवट डोसाने जीवाणू मरत नाहीत, उलट औषधाला दाद न देणारे तेवढे उरतात.

हातावर जखम असेल तर मुलांना टाकीत हात घालू देऊ नका. माशांचे काही जीवाणू माणसाच्या त्वचेलाही त्रास देतात.

वर्गात करून पाहा
बटाट्याच्या दोन चकत्या घ्या. एक साध्या पाण्यात, दुसरी मिठाच्या घट्ट पाण्यात दोन तास ठेवा. पहिली कडक होते, दुसरी लिबलिबीत. क्षारपड रानातलं पीक आणि टाकीतला निमो, दोघांचं दुखणं मुलांना एकाच प्रयोगात कळतं.

मासा बरा होतोय का, हे कडेवर कळतं. तिथे पातळ, पारदर्शक नवीन पडदा दिसू लागला की उपाय लागू पडला. पूर्ण पर भरायला काही आठवडे लागतात. तोवर मुलांना रोज एक ओळ वहीत लिहू द्या: तारीख, खारेपणा, मासा जेवला का, आणि पराची कड कशी दिसली.