जुन्या मोटारीतून नवी मोटार : काय टिकते, काय बदलते?

ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईच्या रस्त्यांवरून प्रीमियर पद्मिनी टॅक्सी कायमची गेली. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती. टॅक्सीसाठी ठरवून दिलेली वीस वर्षांची मर्यादा तिने पूर्ण केली. ठाणे-कल्याणकरांना ही मोटार तशी घरचीच. कुर्ल्याच्या कारखान्यात ती १९६४ पासून फियाट ११०० डी या नावाने आणि पुढे पद्मिनी म्हणून तयार होत असे. याच कंपनीच्या कल्याण येथील कारखान्यात १९९० च्या दशकात प्यूजो ३०९ या मोटारीची जुळणी चाले.

अशा जुन्या मोटारी सोसायटीच्या आवारात ताडपत्रीखाली किंवा गॅरेजच्या मागच्या बाजूला उभ्या असतात. त्यांच्यात एक गोष्ट सारखी आढळते. पत्रा कुजलेला असतो, पण इंजिन थोड्या खटपटीने सुरू होते. असे का व्हावे? बॉडीचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा असतो. ठाण्याला वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, शिवाय खाडीची खारट हवा आहेच. ओलावा, प्राणवायू आणि क्षार एकत्र आले की लोखंड झपाट्याने गंजते. अर्धा मिलिमीटर धातू गंजाने खाल्ला तर पत्र्याला भोक पडायची वेळ येते. इंजिनाच्या ओतीव लोखंडी ठोकळ्याला तेवढी झीज जाणवतही नाही, आणि त्याचे आतले भाग तर तेलाने माखलेले असतात. म्हणून बॉडी आधी मरते. इंजिन, गिअरबॉक्स, मागचा अ‍ॅक्सल आणि स्टेअरिंग मागे उरतात.

दाता-गाडी आणि किट कार

हे उरलेले भाग काढून नव्या, हलक्या सांगाड्यावर बसवायचे, ही 'किट कार'ची मूळ कल्पना. जिच्यातून भाग घ्यायचे ती दाता-गाडी. रक्तदात्यासारखाच हा शब्द. सांगाडा आणि बॉडीचे भाग संच म्हणून विकत मिळतात किंवा माणूस स्वतः बनवतो.

इंग्लंडमध्ये ही पद्धत चांगलीच रुजली. कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने १९५७ मध्ये 'सेव्हन' ही छोटी उघडी मोटार काढली. सुट्या भागांच्या संचावर तेथे खरेदीकर पडत नसे, त्यामुळे पुष्कळ लोक संच आणून घरीच मोटार जुळवीत. पुढे १९९६ मध्ये रॉन चॅम्पियन या शिक्षकाचे एक पुस्तक आले. जुन्या फोर्ड एस्कॉर्टचे भाग आणि एक इंच चौकोनी पोलादी नळ्यांचा सांगाडा वापरून अवघ्या अडीचशे पौंडांत स्पोर्ट्‌स मोटार कशी करावी, हे त्यात सांगितले होते. त्यावरून अनेकांनी आपापल्या घरामागे मोटारी बांधल्या.

महाराष्ट्रातही याच कुळातली मोटार झाली. अलिबागजवळच्या चिंकारा मोटर्सने २००० नंतरच्या दशकात लोटस सेव्हनच्या धर्तीवर फायबरग्लासच्या बॉडीची रोडस्टर बनवली. तिचे इंजिन इसुझूचे १.८ लिटरचे होते, म्हणजे अँबॅसडरमध्ये बसत असे तेच. दुसरे उदाहरण सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावचे. तिथल्या एका लोहार कारागिराने भंगारातील भाग आणि दुचाकीचे भाग जोडून किक मारून सुरू होणारी छोटी चारचाकी तयार केली. डिसेंबर २०२१ मध्ये तिची देशभर चर्चा झाली. आनंद महिंद्र यांनी तिचे कौतुक केले आणि बदल्यात बोलेरो देऊ केली. पण ही गाडी नियमांत बसत नाही, हेही त्यांनी त्याच वेळी स्पष्ट सांगितले.

कौतुक आणि मनाई एकदमच का? भाग तर सगळे चालू मोटारींचेच होते. याचे उत्तर असे, की मोटार म्हणजे नुसती भागांची बेरीज नव्हे. प्रत्येक भाग ठरावीक वस्तुमानाच्या, ठरावीक उंचीच्या आणि ठरावीक ताठरपणाच्या गाडीसाठी घडवलेला असतो. गाडी बदलली की भाग तेच राहतात, पण त्यांच्यातील मेळ मोडतो. तो पुन्हा जुळवावा लागतो, आणि त्यासाठी लागणारे बहुतेक विज्ञान नववी-दहावीच्या पुस्तकात आहे.

सांगाडा : खोका की जाळी?

पद्मिनीला ट्रक किंवा जीपसारखी वेगळी चॅसी नाही. तळ, खांब, छप्पर असा सगळा पत्रा एकत्र जोडून झालेला खोका हाच तिचा सांगाडा. म्हणून "वरची बॉडी उचलून दुसरी बसवू" हा बेत इथे चालत नाही. छप्पर कापून तिला उघडी मोटार करणे तर त्याहून धोक्याचे. झाकण लावलेला बुटांचा खोका दोन्ही हातांनी पिळून पाहा, आणि मग झाकण काढून पिळा. फरक लगेच कळेल. बंद खोका पिळाला विरोध करतो, उघडा सहज वळतो. मोटारीचे एक चाक खड्ड्यात गेले की तिला असाच पीळ बसतो. सांगाडा लवचीक असेल तर चाकांचे कोन बदलतात आणि गाडी चालकाचे ऐकेनाशी होते.

किट कारमध्ये खोक्याऐवजी नळ्यांची जाळी करतात. तिचे रहस्य त्रिकोणात आहे. चार काड्यांचा चौकोन टाचण्यांनी जोडला तर तो कलंडतो. कर्णावर पाचवी काडी टाकली की तो घट्ट होतो, कारण त्रिकोणाच्या बाजू ठरल्या की त्याचे कोनही ठरतात. कल्याणचा पत्री पूल आठवतो ना? १९१४ साली बांधलेला तो जुना पूल २०१८ मध्ये पाडला. त्याच्या जागी उभ्या राहिलेल्या नव्या पुलालाही तिरकस पट्ट्या आहेत. त्यांचे काम हेच.

तेच इंजिन, वेगळी चाल

आता थोडे गणित करू. पद्मिनीचे इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचे, सुमारे ४० अश्वशक्तीचे, म्हणजे ३० किलोवॅटचे. रिकाम्या गाडीचे वस्तुमान सुमारे ९०० किलो आणि चालकाचे ७० किलो, मिळून ९७० किलो. दर किलोमागे ३१ वॅट शक्ती मिळाली. हेच इंजिन ५५० किलोच्या हलक्या गाडीत बसवले तर चालकासह ६२० किलो होतात आणि दर किलोमागे ४८ वॅट मिळतात. मूळ गाडीत एवढे मिळवायचे तर ६२-६३ अश्वशक्तीचे इंजिन लागले असते.

ताशी ५४ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १५ मीटर या वेगाला पहिल्या गाडीची गतिज ऊर्जा सुमारे १ लाख ९ हजार ज्यूल होते, दुसरीची सुमारे ७० हजार. चाकांपर्यंत सरासरी १५ किलोवॅट पोचतात असे धरले, तर पहिलीला या वेगापर्यंत जायला सुमारे सव्वासात सेकंद लागतील, दुसरीला पावणेपाचच्या आत. कमाल वेग मात्र याच प्रमाणात वाढत नाही. मोठ्या वेगाला मुख्य विरोध हवेचा असतो, आणि उघडी मोटार हवा कापण्यात काही विशेष हुशार नसते.

स्प्रिंगा का बदलायच्या?

हलकेपणाचा हा लाभ फुकट मिळत नाही. समजा, मूळ गाडीच्या वजनाने स्प्रिंग १० सेंटिमीटर दबत होती. नव्या गाडीचे वजन ०.६४ पट आहे, म्हणून ती ६.४ सेंटिमीटरच दबेल. (चाके व अ‍ॅक्सल यांचे वजन स्प्रिंगवर येत नाही. सोपेपणासाठी तो फरक सोडून दिला आहे.) म्हणजे गाडी साडेतीन सेंटिमीटरने उंच उभी राहील आणि गुरुत्वमध्य वर जाईल. शिवाय वरखाली हिंदकळण्याची वारंवारता सेकंदाला १.६ वरून २ वर जाईल. गाडी उडत्या चालीची होईल, आणि खडबडीत रस्त्यावर चाके क्षणभर जमीन सोडतील. जमीन सोडलेल्या चाकाला ना ब्रेक लागतो ना वळण घेता येते. म्हणून मऊ स्प्रिंगा घालतात, आणि पाट्यांच्या कमानीतले काही पाटे काढतात. किती काढायचे, हे हिशेबाने ठरवायचे असते.

ब्रेक : सर्वांत नाजूक जागा

"गाडी हलकी, मग जुने ब्रेक पुरून उरतील," असे कोणालाही वाटेल. एकूण जोरापुरते ते खरे आहे. पुढच्या आणि मागच्या चाकांमधील वाटणीचे काय?

ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे झुकतो. बसमध्ये उभ्या प्रवाशाला हे सांगायला नको. किती भार पुढे जाईल? वस्तुमान × मंदन × गुरुत्वमध्याची उंची, भागिले पुढच्या-मागच्या चाकांतील अंतर. पद्मिनीचे हे अंतर २.३४ मीटर आहे. गुरुत्वमध्याची उंची ०.५५ मीटर आणि मंदन सेकंदाला ६ मीटर प्रतिसेकंद धरू. उत्तर येते सुमारे १३७० न्यूटन, म्हणजे १४० किलोचे वजन. उभ्या गाडीत भार निम्मा-निम्मा असेल, तर ब्रेक लावताना पुढच्या चाकांवर ६४ टक्के भार येतो. कारखान्याने ब्रेकची वाटणी अशाच हिशेबाने केलेली असते.

आता नवी गाडी. गुरुत्वमध्य ०.४० मीटरवर आला. चालक मागच्या अ‍ॅक्सलजवळ बसतो, म्हणून उभ्या गाडीत पुढे ४५ टक्केच भार आहे. पुढे झुकणारा भार सुमारे ६४० न्यूटन. ब्रेक लावताना पुढच्या चाकांवर ५५ टक्के भार येतो, पण जुने ब्रेक मात्र ६४ टक्के जोर पुढेच देतात. परिणामी पुढची चाके लवकर जखडतात. जखडलेले चाक फिरत नाही, घसरते, आणि घसरत्या चाकाला दिशा नसते. चालकाने स्टेअरिंग कितीही फिरवले तरी गाडी सरळच जाते. उलट चूक झाली आणि मागची चाके आधी जखडली, तर गाडी गर्रकन फिरते. दोन्ही प्रकारांत ब्रेकचा प्रत्येक भाग निर्दोष असतो. अपघात होतो तो मेळ नसल्यामुळे.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ५२ व्या कलमानुसार मूळ उत्पादकाने दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. नव्या नमुन्याच्या वाहनाला पुण्याच्या 'एआरएआय'सारख्या संस्थेकडून चाचण्या करून मान्यता घ्यावी लागते. त्यानंतर आर. टी. ओ. मध्ये पासिंग. हा खर्च कंपनीला झेपतो, एकट्या हौशी माणसाला सहसा नाही. ब्रिटनमध्ये एकेकट्या मोटारीची तपासणी करून तिला रस्त्यावर आणण्याची सोय आहे. आपल्याकडे घरी बांधलेली मोटार रस्त्यावर आणणे जवळपास अशक्य आहे.

याचा अर्थ हात आखडून बसावे असा नव्हे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची पहिली वसाहत १९६२ नंतर ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये उभी राहिली. लेथ, वेल्डिंग, फायबरग्लास या कामांतली कसबी माणसे वागळे इस्टेटपासून डोंबिवली, उल्हासनगरपर्यंत आहेत. अभियांत्रिकीचे विद्यार्थी 'बाजा' आणि 'सुप्रा' या स्पर्धांसाठी नळ्यांचे सांगाडे जोडून गाड्या बांधतात. त्या बंद मैदानावर धावतात आणि धावण्याआधी परीक्षक त्यांची तपासणी करतात. गाडी बांधायची इच्छा असलेल्या मुलाला दाखवायची वाट ही आहे.

वर्गात करून पाहा

१. *सांगाडा :* आइस्क्रीमच्या काड्या आणि टाचण्यांनी चौकोन करा, मग कर्ण जोडा. त्यानंतर बुटांच्या खोक्याचा प्रयोग करा. झाकण चिकटपट्टीने बंद करून आणि न करता, दोन्ही प्रकारे पिळून पाहा.

२. *स्प्रिंग :* एकाच स्प्रिंगला आधी ५०० ग्रॅम, मग ३२० ग्रॅम वस्तुमान टांगा. दोन्ही वेळा २० आंदोलनांचा वेळ मोजा. वेळांचे गुणोत्तर १.२५ च्या जवळ यायला हवे. हे आपल्या दोन मोटारींचेच गुणोत्तर आहे. फरक आला तर तो स्प्रिंगच्या स्वतःच्या वस्तुमानामुळे असेल का, यावर चर्चा घ्या.

३. *भार पुढे झुकणे :* खेळण्यातल्या मोटारीवर एक काडेपेटी आडवी ठेवा आणि मोटार एकदम थांबवा. मग काडेपेटी उभी ठेवून तेच करा. कोणती पडते? उंचीचा परिणाम मुले स्वतः सांगतील.

४. *गॅरेजची भेट :* जवळच्या गॅरेजमधील मेस्त्रींना विचारा, की जुन्या मोटारीचा कोणता भाग आधी जातो आणि कोणता सर्वांत जास्त टिकतो. यादी करून प्रत्येकाचे कारण शोधा : जाडी, वंगण, पाणी की घर्षण? मेस्त्रींचा अनुभव आणि पुस्तकातले कारण शेजारी-शेजारी मांडा. ब्रेकचा हिशेबही त्यांना दाखवा. पुष्कळदा ते ही गोष्ट आकड्यांशिवाय ओळखून असतात. मुलांना आकडे येतात, पण गाडी ठाऊक नसते. ही दोन्ही ज्ञाने एका बाकावर बसली, तर पुढच्या पिढीत मोटार बांधणारेही निघतील आणि ती सुरक्षित आहे का हे तपासू शकणारेही.