फुटलेली धरणे पुन्हा बांधताना

अमेरिकेतील मिशिगन राज्यात टिटाबावासी नदीच्या खोऱ्यात वीजनिर्मितीसाठी १९२० च्या दशकात एकाखाली एक अशी चार धरणे बांधण्यात आली. त्यांच्या तलावांकाठी हळूहळू घरे, दुकाने व नौकाविहाराचे धक्के उभे राहिले. १९ मे २०२० रोजी अतिवृष्टीनंतर एडनव्हिल येथील मातीचा बांध खचला. सुटलेला लोंढा खालच्या सॅनफर्ड धरणावरून गेला व तेही फुटले. सुमारे १०,००० लोकांना घरे सोडावी लागली; प्राणहानी मात्र झाली नाही. १९६१ साली पानशेत फुटल्यावर खडकवासल्याची जी गत झाली, तिची येथे आठवण होते. वरचे धरण गेले की खालच्याचा भरवसा राहत नाही.

एडनव्हिलचा सांडवा मोठ्या पुरास अपुरा आहे, हे कारण देऊन २०१८ मध्येच तेथील वीजनिर्मितीचा परवाना रद्द झाला होता. तरीही बांध खचला त्या घटकेस पाणी माथ्यावरून वाहत नव्हते. स्वतंत्र तज्ज्ञांच्या समितीने २०२२ मध्ये दिलेला निष्कर्ष असा की, बांधात जागोजागी सैल, न दाबलेली वाळू होती. ती पाण्याने भरली, वरचा भार वाढला, आणि कणांचा परस्परांवरील आधार सुटून ती एकाएकी दाट द्रवासारखी वाहू लागली. शंभर वर्षांपूर्वी धुमस करताना राहिलेली ही उणीव वरून दिसण्यासारखी नव्हती.

तलाव आटले तसे काठच्या काही विहिरीही आटल्या, आणि उघड्या पडलेल्या तळावर झाडी माजली. पाझर तलावाखालील शेतकऱ्यास याचे नवल वाटणार नाही. मिडलँड व ग्लॅडविन या दोन जिल्ह्यांनी खाजगी मालकाकडून धरणे कायद्याने ताब्यात घेतली. पुनर्बांधणीसाठी राज्याने २० कोटी डॉलर दिले. तरीही रक्कम अपुरी पडली, म्हणून तलावाचा लाभ घेणाऱ्या मालमत्तांवर दीर्घ मुदतीची आकारणी २०२४ मध्ये मंजूर झाली. काही मालक न्यायालयात गेले. ज्याचे घर पुराने नेले त्यानेच तलावाचे पैसे भरावेत का, हा त्यांचा प्रश्न अगदीच गैर म्हणता येत नाही.

आपल्याकडे गावतलावाची पाळ फुटली की पुढच्या पावसाच्या आत भगदाडात माती लोटून मोकळे होण्याची घाई असते. ग्रामसेवकांनी येथे आग्रह धरावा. आधी फुटण्याचे कारण शोधावे. जुन्या पाळीच्या कडा पायऱ्यांसारख्या कापून घ्याव्यात, म्हणजे नवी माती जुनीत सांधते. भराव पातळ थरांनी, बेताचे पाणी मारून, रूळ फिरवून दाबावा. वाळूची सैल भर घालू नये. सांडव्याची रुंदी अभियंत्याकडून तपासून घ्यावी, व त्यात मासे अडविण्यासाठी कोणी कूड घातला असल्यास तो काढावा.

तलाव प्रथम भरेल तेव्हा खालचा उतार रोज पाहावा. तो ओला दिसल्यास खुंट्या ठोकून ओलीची मर्यादा नोंदवावी. ओल वर चढू लागली किंवा झिरपणारे पाणी गढूळ आले, तर त्याच दिवशी अभियंत्यास कळवून खालच्या वस्तीस सावध करावे.