गाडी बदलली, शरीर तेच

लांबी तीन मीटरपेक्षा किंचित कमी, वजन सुमारे पाचशे किलो आणि इंजिन मागच्या बाजूला. दोन सिलिंडरचे, हवेने थंड होणारे ते ४७९ सीसीचे इंजिन जेमतेम १३ अश्वशक्तीचे होते. इटलीतील फियाट कंपनीने जुलै १९५७ मध्ये बाजारात आणलेली ‘नुओवा ५००’ ही मोटार अशी होती. स्कूटरवरून फिरणाऱ्या मध्यमवर्गीय कुटुंबाला परवडेल असे चारचाकी वाहन द्यायचे, हा तिचा हेतू. तिचे अभियंते दान्ते जाकोसा मुंबईकरांनाही परके नाहीत. त्यांच्याच फियाट ११०० वरून कुर्ल्यात प्रीमियर पद्मिनी तयार झाली आणि काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपात ती अनेक दशके शहरभर धावली.

या साध्या गाडीला वेगाची चटक लावली कार्लो अबार्थ यांनी. व्हिएन्नात जन्मलेल्या अबार्थ यांनी १९४९ मध्ये इटलीत स्वतःची कंपनी काढली आणि आपल्या वृश्चिक राशीचा विंचू तिचे बोधचिन्ह केला. मूळ गाडीचा कमाल वेग ताशी ८५ किलोमीटर होता. १९६३ च्या ‘अबार्थ ५९५’ने तो सुमारे १२० वर नेला. वेगात वाढ झाली दीडपटीपेक्षाही कमी; पण चालत्या वस्तूतील ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे या वेगाने धडक बसली, तर तितक्याच वजनाच्या गाडीला आणि आत बसलेल्या माणसालाही जवळपास दुप्पट ऊर्जा झेलावी लागणार होती.

अबार्थ यांच्याबद्दल एक किस्सा नेहमी सांगितला जातो. १९६५ मध्ये वेगाच्या विक्रमासाठी अरुंद रेसिंग कारमध्ये मावावे म्हणून त्यांनी सफरचंदांवर भर देऊन सुमारे ३० किलो वजन घटवले. हा प्रयोग कोणी घरी करू नये. एकाच पदार्थावर राहून झपाट्याने वजन उतरवले की चरबीबरोबर स्नायूही झिजतात.

अपघातात शरीराला एकामागून एक तीन धडका बसतात. पहिली गाडीची. दुसरी माणसाची : गाडी थांबते, पण शरीर त्याच वेगाने पुढे जाऊन स्टिअरिंगवर किंवा काचेवर आदळते. तिसरी आतल्या अवयवांची : मेंदू कवटीच्या हाडावर आपटतो, यकृत फाटू शकते, हृदयातून निघणारी महाधमनी ताणली जाऊन चिरू शकते. म्हणूनच बाहेरून खरचटलेलेही नाही, असा रुग्ण आतल्या रक्तस्रावाने दगावू शकतो.

थांबायला मिळणारे अंतर इथे निर्णायक ठरते. ताशी ५० किलोमीटर वेगाचे शरीर १० सेंटिमीटरमध्ये थांबले, तर त्यावर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे शंभरपट भार येतो. तेच ६० सेंटिमीटरमध्ये थांबले तर भार सोळापटीवर उतरतो. गाडीचा पुढचा भाग ठरवून चेपला जातो तो यासाठी. पट्टा आणि एअरबॅगही हेच करतात.

१९५७ च्या गाडीत यातले काहीच नव्हते. पुढच्या झाकणाखाली पेट्रोलची टाकी होती आणि दारांच्या बिजागऱ्या मागच्या बाजूला. धावत्या गाडीत दार चुकून उघडले, तर वारा ते आणखी फाकवणार! १९६५ मध्ये बिजागऱ्या पुढे आल्या.

बरोबर पन्नास वर्षांनी, ४ जुलै २००७ रोजी, तेच गोलसर रूप घेऊन नवी ‘५००’ आली. इंजिन आता पुढे होते आणि लांबी साडेतीन मीटरवर गेली होती. सात एअरबॅग असलेल्या या गाडीने युरोपातील धडक चाचणीत पाच तारे मिळवले. पुढच्याच वर्षी आलेल्या तिच्या अबार्थ अवताराची ताकद होती १३५ अश्वशक्ती, म्हणजे मूळ गाडीच्या दहापट. मात्र २०१७ मध्ये ‘५००’ पुन्हा तपासली, तेव्हा तीनच तारे मिळाले. दरम्यान कसोट्या कडक झाल्या होत्या. तेव्हा गाडीचे तारे पाहताना चाचणीचे वर्षही पाहावे.

२०२३ च्या विजेवरच्या अबार्थमध्ये तर इंजिनाची गर्जना स्पीकरमधून ऐकवली जाते. पादचाऱ्यांना चाहूल लागण्याइतका आवाज आवश्यकच; पण रहदारीचा सततचा गोंगाट झोप मोडतो, हृदयविकाराचा धोका वाढवतो.

या सहा-सात दशकांत गाडी आमूलाग्र बदलली. बरगड्या, यकृत आणि मेंदू मात्र तेच आहेत. भारतात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. प्रत्येकाला महागडी गाडी घेता येत नाही, पण पुढील गोष्टींना पैसे पडत नाहीत. पट्ट्याचा वरचा भाग गळपट्टीच्या हाडावरून आणि खालचा कमरेच्या हाडांवरून जावा, पोटावरून नव्हे. गरोदर स्त्रीनेही पट्टा लावावा. खालचा भाग पोटाच्या खाली घ्यावा. छाती स्टिअरिंगपासून किमान वीतभर लांब हवी. डोक्यामागचा आधार डोक्याच्या वरच्या टोकापर्यंत आणावा. मागे बसणाऱ्यांनीही पट्टा लावावा, कारण मोकळे शरीर पुढच्या माणसावर जाऊन आदळते. आणि लहान मुलाला मांडीवर घेऊन पुढे कधीही बसू नये. धडकेच्या क्षणी त्याला धरून ठेवण्याची ताकद कोणाच्याच हातांत नसते.