एका हाताचा हिशेब

अपघाताने किंवा पक्षाघाताने एक हात निकामी झालेला कारकून पुन्हा कामावर रुजू होतो, तेव्हा त्याच्यापुढे ठेवला जाणारा कळफलक पूर्वीचाच असतो. हा कळफलक दोन हातांच्या दहा बोटांसाठी आखलेला आहे, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानातही येत नाही. वेग मंदावला म्हणून दोष माणसाला दिला जातो. यंत्राची चौकशी होत नाही. वस्तुतः कळांचा क्रम हा काही निसर्गनियम नव्हे. तो माणसानेच घेतलेला एक निर्णय आहे आणि कोणत्याही निर्णयाप्रमाणे त्याचा जमाखर्च मांडता येतो.

आज सर्वत्र दिसणारी इंग्रजी 'क्वर्टी' रचना अमेरिकेतील मिलवॉकीच्या ख्रिस्तोफर शोल्स यांच्या यंत्रातून घडत गेली. रेमिंग्टन कंपनीने ते यंत्र 1874 साली बाजारात आणले. पुढे 1936 साली ऑगस्ट ड्व्होराक यांनी दुसऱ्या एका रचनेचे पेटंट घेतले. तीत स्वर डाव्या हाताखाली आणि नेहमी लागणारी व्यंजने उजव्या हाताखाली आली. तरीही जग क्वर्टीलाच चिकटून राहिले. एकदा रूढ झालेली रचना, ती उत्तम नसली तरी, बाजारात कशी टिकून राहते याचा दाखला म्हणून पॉल डेव्हिड या अर्थशास्त्रज्ञाने 1985 साली हेच उदाहरण घेतले. लीबोविट्झ आणि मार्गोलिस यांनी 1990 साली त्याला आव्हान दिले; ड्व्होराक रचना श्रेष्ठ असल्याचा पुरावाच कच्चा आहे, असे त्यांचे म्हणणे. या वादाचा निकाल काहीही लागो, त्यात गृहीत धरलेला टंकलेखक दोन हातांचा आहे.

एका हाताचा हिशेब निराळा असतो. दोन्ही हातांना आळीपाळीने काम मिळणे हा ड्व्होराक रचनेचा गुण. पण एकच हात असेल तर तोच दोष ठरतो, कारण त्या हाताला सारखे या टोकाहून त्या टोकाला जावे लागते. मराठीसाठी वापरल्या जाणाऱ्या इनस्क्रिप्ट रचनेतही हेच घडते. तीत स्वर आणि त्यांच्या खुणा डावीकडे, तर बहुतेक व्यंजने उजवीकडे आहेत. 'काका' हा साधा शब्द घ्या. 'क' उजवीकडे, काना डावीकडे, पुन्हा 'क' उजवीकडे, पुन्हा काना डावीकडे. दोन हातांना हा सहज ताल वाटेल; एका हाताला ती येरझार होते. अंतर वाढले की लक्ष्य गाठण्यास लागणारा वेळ वाढतो, हे पॉल फिट्स यांनी 1954 सालीच दाखवून दिले होते.

मग पर्याय कोणते? खुद्द ड्व्होराक यांनीच केवळ डाव्या आणि केवळ उजव्या हातासाठी दोन स्वतंत्र इंग्रजी रचना केल्या. त्यांत हात कळफलकाच्या मध्याजवळ राहतो. विंडोज प्रणालीत त्या आधीपासूनच असतात. निराळा कळफलक विकत घ्यावा लागत नाही. एकाच बोटाने टंकन करणाऱ्यासाठी 'फिटॅली'सारखी रचना आहे. नेहमीची अक्षरे मध्यभागी जवळजवळ आणून बोटाचा प्रवास कमी करणे, हे तिचे तत्त्व. 'हाफ-क्वर्टी'त स्पेसबार दाबून धरला की गमावलेल्या हाताकडील अक्षरे आरशातल्याप्रमाणे उरलेल्या हाताखाली येतात.

यांतील सर्वांत चांगली कोणती, हा प्रश्न चुकीचा आहे. ज्याने वीस वर्षे दोन हातांनी टंकलेखन केले, त्याच्या बोटांत मुरलेले कौशल्य हे त्याचे भांडवल आहे. ते वाया न घालविणारी हाफ-क्वर्टी त्याला सोयीची पडेल. जो तरुण आताच शिकू लागला आहे, त्याला एकहाती रचना शिकण्याचा खर्च पुढील सबंध नोकरीत फेडून घेता येईल. ज्याला रोज निराळ्या टेबलावर बसावे लागते, त्याने नेहमीचीच रचना ठेवावी आणि 'स्टिकी कीज'ची सोय चालू करावी. म्हणजे शिफ्ट आणि अक्षर एकदम दाबण्याची कसरत उरत नाही. जो तो आपला हिशेब मांडू शकतो. मात्र निवड त्याच्या हाती हवी.

इथेच शासनाचा संबंध येतो. महाराष्ट्रात लिपिक-टंकलेखकाच्या पदासाठी मिनिटाला मराठी 30 किंवा इंग्रजी 40 शब्दांची अट असते. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा 2016 चा कायदा सरकारी नोकऱ्यांत किमान 4 टक्के जागा राखून ठेवतो आणि कर्मचाऱ्याला वाजवी सोयी पुरविण्याचे बंधन सरकारी आस्थापनांवर घालतो. कळांचा क्रम बदलणे ही अशा सोयींतील सर्वांत स्वस्त सोय असावी. परीक्षा शब्दांची व्हावी, कळांच्या क्रमाची नव्हे. मराठीत कोणते अक्षर किती वेळा येते याची मोजणी करून एकहाती रचना आखणे, हेही विद्यापीठांतील भाषा आणि संगणक विभागांना झेपण्याजोगे काम आहे.

अटीतून सूट देणे सोपे असते; पण सूट मिळालेला माणूस कचेरीत उपकाराचा धनी म्हणूनच वावरतो. योग्य साधन मिळालेला माणूस आपल्या कामावर उभा राहतो. शासनाने यांपैकी काय द्यायचे, ते ठरवावे.